विडी वळणाऱ्या हातांनी मुलाला काय सांगावं?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील आम्ही बदलले आहेत. ताईंचं वय ३८. बाराव्या वर्षापासून त्या आईशेजारी बसून विड्या वळत आल्या आणि आजही घर त्यावरच चालतं. नवरा यंत्रमागावर कामाला असतो आणि रोज बंडलभर विड्या ओढतो. दोन खोल्यांचं घर आहे. सहा वर्षांच्या मुलीला सारखा कफ होतो, रात्री छातीत घरघर वाजते. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी ओढतं का?" ताई "नाही" म्हणाल्या. नवऱ्याचं म्हणणं, "मी दारात बसून ओढतो, आणि विडी तर पानाची असते." त्यातच गेल्या महिन्यात नववीतल्या मुलाच्या दप्तरात दोन सुट्या सिगारेटी आणि लायटर सापडला. विचारल्यावर तो म्हणाला, "तू दिवसभर विड्या करतेस, पप्पा ओढतात, मग मलाच का बोलतेस?" नवरा मुलाला मारेल या भीतीने त्यांनी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. त्या विचारतात, "आमचं पोटच विडीवर आहे. मी कुठल्या तोंडाने त्याला सांगू? हे काम सोडलं तर पोरं वाचतील का?"

ताई,

तुमच्या पत्राची तीन पानं मुलाबद्दल आहेत आणि मुलीबद्दल फक्त चार ओळी. मी त्या चार ओळींपासून सुरुवात करते. मुलाशी बोलायला थोडे दिवस घेता येतील, मुलीसाठी मात्र आज रात्रीपासूनच काहीतरी करायला हवं.

डॉक्टरांना तुम्ही "नाही" का म्हणालात ते मला कळतं. बाहेर बाकावर ओळखीची माणसं बसलेली असतात, नवऱ्याचा कमीपणा दिसेल असं वाटतं, आणि "तुम्ही काय काम करता?" हा पुढचा प्रश्न येईल याचीही धाकधूक असते. पण त्या प्रश्नाचा तुमच्या घराच्या अब्रूशी काही संबंध नव्हता. घरात रोज धूर असेल तर दम्यासारखा त्रास औषधांनी नीट आटोक्यात येत नाही. धूर नाही असं धरून चालणारा डॉक्टर आधी औषध बदलतो, मग वाढवतो, आणि मुलगी आहे तिथेच राहते. पुढच्या खेपेला आत गेल्याबरोबर सांगून टाका, "मागच्या वेळी मी खरं बोलले नव्हते. घरात विडी ओढतात, आणि मी घरातच विड्या वळते." यातलं विड्या वळण्याचं वाक्यही गाळू नका. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता दारात बसून ओढण्याबद्दल. तुमच्या नवऱ्याला खरंच वाटतं की तो काळजी घेतोय, आणि मी ते खोटं मानत नाही. मुलांच्या अंगावर धूर सोडायचा नाही एवढं त्याच्या मनात आहे, ही चांगली जागा आहे, इथूनच त्याच्याशी बोलता येईल. पण उंबरठ्यावरचा धूर बाहेरच जातो, हे खरं नाही. आतला पंखा चालू असतो, वाऱ्याची दिशा बदलते, धूर खोलीत येतो आणि चादरीत, पडद्यात, कपड्यांत मुरतो. विडी विझल्यावर तासाभराने तो मुलीला कुशीत घेतो तेव्हा त्याच्या सदऱ्याला जो वास येतो, तोही धुराचाच उरलेला अंश असतो. खिडकी उघडली, पंखा लावला, दुसऱ्या खोलीत गेलं, या कुठल्याच उपायाने घरातला धोका संपत नाही, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं आहे. दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी कुठलीही पातळी नाही.

आणि आपल्या सोलापुरात तर कूलर असतो. एप्रिल-मे महिन्यात दार-खिडकीला कूलर लावून सगळे त्याच्यासमोर झोपतात. कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो. घरातला माणूस मोठ्या समजुतीने बाहेर जातो आणि कूलरच्या पाठीमागेच उभा राहून विडी ओढतो. तो सगळा धूर गार होऊन झोपलेल्या मुलांच्या तोंडावर येतो. तुमच्याकडे असं होतं का ते बघा. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक घराने बघा.

लहान मूल मोठ्या माणसापेक्षा भराभर श्वास घेतं, त्याच्या श्वासनळ्या अरुंद असतात आणि फुप्फुसं अजून वाढत असतात. उठून दुसरीकडे जावं हे त्याला सुचत नाही, सुचलं तरी दोन खोल्यांच्या घरात ते जाणार कुठे? तंबाखूच्या धुरात ७,००० हून जास्त रसायनं असतात आणि त्यातली ७० च्या आसपास कर्करोगाला कारण ठरणारी असतात. पण तुमच्या मुलीपुढे आज कर्करोगाचा प्रश्न नाही. तिला रात्री वाजणारी घरघर, वारंवार होणारा कफ, कान दुखणं, न्यूमोनिया, दम्याचा झटका, हे सगळं घरात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या मुलांत जास्त दिसतं. घरात तान्हं बाळ असेल तर झोपेत अचानक दगावण्याचा धोकाही वाढतो. स्वतः कधी ओढलेली नसताना दुसऱ्याच्या धुराने जगात दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसं जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे वाचून तुम्ही घाबराल, आणि वाटेल की आपलंच घर एवढं वाईट. तसं नाही. देशातल्या प्रौढांच्या तंबाखूबद्दल २०१६-१७ मध्ये मोठी पाहणी झाली, तेव्हा ३८.७ टक्के लोकांनी घरात धुराला सामोरं जावं लागतं असं सांगितलं होतं. तुमच्यासारखी घरं खूप आहेत.

"विडी पानाची असते" हे तर मी लहानपणापासून ऐकत आले. पान तेंदूचं असतं हे खरं, पण जळते ती आतली तंबाखूच. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी भरलेली असते, पण त्या पानातून हवा सहज आत जात नाही, म्हणून विझू नये यासाठी जोरात आणि वारंवार ओढावी लागते. त्यामुळे डांबर, निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी तर नाहीच, उलट जास्त शरीरात जातं. विडीच्या तोंडाला दोरा गुंडाळताना तुमच्या बोटांना ते पान किती घट्ट लागतं, ते तुम्हीच नवऱ्याला सांगू शकता.

तेव्हा घराचा नियम एकच असू द्या: घरात विडी पेटणार नाही. दारातही नाही, मोरीतही नाही, पावसाळ्यातही नाही, आणि पाहुणा आला, मोठा दीर आला तरी नाही. ओढायचीच असेल तर दारापासून लांब जायचं, आल्यावर हात-तोंड धुवायचं, सदरा बदलायचा, मगच मुलीला जवळ घ्यायचं. विडी सोडण्यापेक्षा हे सोपं आहे, म्हणून आधी हेच मागा. बऱ्याच माणसांच्या विड्या इथूनच कमी व्हायला लागतात, कारण प्रत्येक वेळी उठून बाहेर जायचा कंटाळा येतो. मुलीच्या उशाशी डासांची कॉइल लावत असाल तर तीही बंद करा, मच्छरदाणी बरी. दम्याच्या छातीला कुठलाच धूर सोसत नाही.

आता ते विड्या वळण्याचं वाक्य. तुम्ही पत्रात लिहिलंय की मुलगी शाळेतून आली की तुमच्या सुपाशेजारीच बसून अभ्यास करते, कधी विड्यांची तोंडं मुडपायला मदत करते. ताई, ते थांबवा. तंबाखूची बारीक धूळ नाकातोंडात जाते, ओल्या हातांच्या कातडीतूनही निकोटीन आत जातं, आणि सहा वर्षांचं मूल तेच बोट तोंडात घालतं. तुम्हाला स्वतःला हे काम करताना मळमळ, डोकं जड होणं, खोकला होत असेलच. तिची जागा दुसऱ्या खोलीत करा. तंबाखू झाकणाच्या डब्यात ठेवा, झोपायच्या खोलीत नको. काम संपलं की कोरड्या झाडूने झाडू नका, धूळ उडते, ओल्या फडक्याने पुसून घ्या. साबणाने हात धुवून, साडीवर घेतलेलं कापड झटकून बाजूला ठेवून मगच पीठ मळायला बसा. सूप मांडीवर घेऊन कुशीत बाळाला निजवणाऱ्या कितीतरी तरुण आया मी पूर्व भागात पाहिल्या आहेत. त्यांना पर्याय नसतो हे मला दिसतं. तरी बाळाची झोळी वेगळ्या खोलीत किंवा शेजारच्या जाऊबाईंकडे बांधता आली तर बांधाच.

आता मुलगा.

"कुठल्या तोंडाने सांगू?" हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात तुम्ही असं धरून चालला आहात की ज्याचे हात तंबाखूला लागले त्याला तंबाखूविरुद्ध बोलायचा अधिकार नाही. मला हे पटत नाही. बाराव्या वर्षी तुम्ही सुपाशी बसलात ते हौसेने नाही. वाकून धरलेली पाठ, पिवळी पडलेली बोटं, हजार विड्या पुऱ्या करताना होणारी संध्याकाळ, कारखान्यात माल नापास झाला की बुडणारी मजुरी, हे सगळं तुम्ही २६ वर्षं सोसलंत. तंबाखू माणसाकडून काय काय घेते हे त्या घरात तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मुलाने तुम्हाला उलट विचारलं तेव्हा तुम्ही गप्प झालात, आणि त्याला वाटलं आपण जिंकलो. त्याला उत्तर द्या. शब्द तुमचे असू द्या, पण साधारण असं: "हो, मी विड्या वळते. तुझी फी त्यातूनच जाते. मला दुसरं काम मिळालं नाही म्हणून मी हे करते. तुला दुसरं काहीतरी करता यावं म्हणूनच तर मी हे करते. आणि पप्पांचंही चुकतंय, त्यांच्याशीही मी बोलणार आहे." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण मुलाचा प्रश्न उद्धट असला तरी खोटा नव्हता. वडील ओढतात आणि मला नको म्हणतात, हा अन्याय त्याला दिसतो. तो मान्य केलात तर तो पुढचं ऐकेल.

माझ्या लहानपणी वडील मला कोपऱ्यावरच्या टपरीवर पाठवायचे. "जा गं, एक पाकीट घेऊन ये." उरलेल्या सुट्या पैशांत मला लिमलेटची गोळी मिळायची. कुणी मला कधी "ओढ" म्हटलं नाही, पण ती वस्तू माझ्या मनात परकीही राहिली नाही. भावाने आठवीत असताना पहिली ओढली. म्हणून तुम्हाला विचारते, तुमच्या घरी बंडल आणायला, काडेपेटी द्यायला कोण जातं? मुलगा जात असेल तर आजपासून बंद. शाळकरी मुलांची २०१९ मध्ये देशभर पाहणी झाली. १३ ते १५ वयाच्या मुलामुलींत ८.५ टक्के जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि ज्यांनी विडी ओढून पाहिली होती त्यातल्या जवळपास निम्म्यांनी ती वयाच्या दहाव्या वर्षाआधीच ओढली होती. दहाव्या वर्षी मूल बंडल विकत घेत नाही. ते त्याला घरात सापडतं.

त्याच्याशी बोलताना काही गोष्टी टाळा. "माझ्या गळ्याची शपथ घे" असं म्हणू नका. शपथ मोडली की तो तुमच्यापासून लपायला लागेल, आणि चौदाव्या वर्षी ती मोडतेच. बहिणीच्या आजाराचं खापर त्याच्यावर फोडू नका. पन्नाशीत होणाऱ्या कर्करोगाची चित्रंही दाखवत बसू नका, चौदा वर्षांच्या मुलाला पन्नाशी दिसत नाही. त्याला काय दिसतं? मैदानावर धावताना भरून येणारा दम. तोंडाचा वास. खिशातले पैसे. आणि "हा आपल्यात मोठा झाला" असं म्हणणारे मित्र. तेव्हा आधी विचारा: पहिली कधी ओढलीस, कुणाबरोबर, कुठे, आठवड्यात किती होतात? उत्तर ऐकून घ्या, मध्ये ओरडू नका. महिन्यात दोन-चार झाल्या असतील तर ती संगतीची गोष्ट आहे. संध्याकाळचा तो तास कुठे जातो ते बघा, त्याला मैदानावर, तालमीत, व्यायामशाळेत अडकवा. "नको रे, खोकला झालाय" असं मित्रांना टाळायचं एखादं वाक्य त्याच्याबरोबर बसून ठरवा. मुलांना नाही म्हणायचं असतं, कसं म्हणायचं ते सुचत नाही. पण सकाळी उठल्याबरोबर ओढावीशी वाटते, न मिळाल्यास चिडचिड होते, लक्ष लागत नाही, असं असेल तर सवय लागली आहे. या वयात मेंदू घडत असतो, निकोटीन त्याला लवकर धरतं. मग हा हट्टाचा किंवा संस्कारांचा प्रश्न उरत नाही, डॉक्टरांची मदत घ्यावी लागते. दुकानात मिळणारं निकोटीनचं च्युइंगम मुलाला आपल्या मनाने देऊ नका.

आणि सिगारेट सोडून मावा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, धरला तर तुम्हाला वास येणार नाही आणि तुम्ही निश्चिंत व्हाल, याची मला जास्त भीती वाटते. आपल्या भागात मुलं तिकडे फार सहज वळतात. दप्तराबरोबर दातांकडेही लक्ष असू द्या.

त्या दोन सुट्या सिगारेटी त्याला मिळाल्या कुठे? १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९० मीटरमध्ये, तंबाखू विकायलाही बंदी आहे. सुट्या सिगारेटी-विड्या विकण्यावर महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. मुलाच्या हातात तंबाखू देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. टपरीवाल्याशी तुम्ही एकटीने भांडायला जाऊ नका. चार आया मिळून मुख्याध्यापकांकडे जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दुकानदाराकडे बोट दाखवण्यासाठी मुलाला साक्षीला उभं करू नका, त्याला मित्रांत राहायचं आहे.

नवऱ्यापासून हे किती दिवस लपवायचं? फार दिवस नको. त्याला दुसऱ्याकडून कळलं तर मार जास्त बसेल आणि तुमच्यावरचा विश्वासही जाईल. पण कामावरून थकून आल्या आल्या नको, मुलांसमोर नको, आणि सुरुवात मुलाच्या सिगारेटीपासून नको. आधी त्याला मुलीच्या तपासणीला बरोबर न्या. घरातल्या धुराबद्दल डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. बायकोने सांगितलेलं भांडण वाटतं, तेच डॉक्टरांनी सांगितलेलं औषध वाटतं. घर धूरमुक्त झालं, आठ दिवस गेले, की मग मुलाचं सांगा, आणि आधी शब्द घ्या: "हात उचलायचा नाही." बापाने स्वतः मुलाला म्हटलं, "मला सुटत नाही रे, म्हणून तुला सांगतो", तर त्या एका वाक्यासारखं दुसरं औषध नाही. हे म्हणायला पुरुषांना फार जड जातं. पण म्हणणारे बाप मी पाहिले आहेत. आणि हात उचलला जाईल अशी खरोखर भीती असेल, तुमच्यावर किंवा मुलावर, तर सासऱ्यांना किंवा भावाला आधी सांगून ठेवा. मुलांसाठी १०९८ आणि बायकांसाठी १८१ हे फोन आहेत.

त्याला सोडायची इच्छा झाली तर विडी-सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. सिव्हिलमध्ये केसपेपर काढताना तंबाखूमुक्ती केंद्राची चौकशी करा. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कठीण जातात, माणूस चिडतो, झोप लागत नाही. तल्लफ येते आणि काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यात पाणी, शेंगदाणे, एखादी फेरी. यंत्रमागावर कापसाची तूस छातीत जातेच, त्यावर विडी म्हणजे दुहेरी मार. तो पुन्हा ओढताना दिसला तर "झालं, संपलं" असं म्हणू नका. बहुतेकांना एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो.

काम सोडण्याबद्दल मी तुम्हाला सांगणार नाही. घरात दुसरी मिळकत उभी राहिल्याशिवाय सुटणार नाही, आणि तुम्ही काम सोडलं म्हणून मुलाची सिगारेट सुटेल असंही नाही. त्या दोन गोष्टी तुम्ही अपराधीपणाने एकत्र बांधल्या आहेत, त्या सोडवा. मात्र विडी कामगाराचं ओळखपत्र तुमच्याकडे असेल तर विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती असते. मुलाच्या शाळेत किंवा युनियनच्या कचेरीत विचारा, अर्ज त्यालाच भरायला लावा. आईच्या कामाचं नाव त्या अर्जात तो स्वतःच्या हाताने भरेल.

आज रात्री एवढं करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलीला ज्या रात्री घरघर झाली त्या तारखेला पेन्सिलने टिंब काढा. घरात विडी बंद झाली त्या दिवशी फुली. महिन्याने ते पान फाडून डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि जाताना नवऱ्याच्या हातात द्या.